भिंगरीला आउट कोण करणार?

४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घातला तर परत खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात, म्हणून साधाच नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबा स्पीकर लावतो आणि आई मागून उत्तरं देते. "शाळा कशी आहे गं?" असं तू मला विचारतेस आणि "छान आहे हो, सगळे किती सांभाळून घेतात," असं आई सांगते. तर खरं काय ते इथे वाच.

बाबाची बदली झाल्यावर मिळालेली ही शाळा तशी चांगली आहे. दाराशी उतार आहे, माझ्या खुर्चीला जागा हवी म्हणून एक बाक काढलंय आणि गणिताच्या बाई मलाही इतरांइतकंच ओरडतात. घोळ आहे तो खेळाच्या तासाला. तेव्हा अख्खा वर्ग मैदानावर जातो आणि मी पायऱ्यांजवळच्या सावलीत जाते. सगळे आपापल्या बाटल्या, चष्मे, स्वेटर माझ्यापुढे आणून टाकतात आणि पळतात. खेळाचे सर म्हणाले, "ही फार मोठी जबाबदारी आहे, बाळा." दोन बाटल्या गळतात. एका स्वेटरला कसला तरी वास येतो. चोर अजून एकही आलेला नाही. आला असता तर निदान त्याच्या मागे तरी गेले असते.

सर वाईट नाहीत. माझ्याशी बोलताना गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यांदा बोलतात. माझे पाय काम करत नाहीत हे त्यांना कळलंय. कान करतात हे अजून कळायचंय.

तू एवढी वर्षं खेळाच्या बाई आहेस. तुमच्यात माझ्यासारखीला खेळाच्या तासाला काय करायला देतात, ते सांग. बाटल्या सोडून काहीही चालेल.

तुझी,
भिंगरी

ता.क. तू नाव ठेवलंस ते वाया गेलेलं नाही. मी अजूनही घरात जागच्या जागी गरागरा फिरते. आईने कपाटाचे कोपरे जुन्या चादरीने गुंडाळून ठेवलेत.


९ ऑगस्ट

माझ्या भिंगरे,

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटल्या? माझ्या भावाची मुलगी बाटल्या राखते? त्या सरांना म्हणावं, बाटल्या राखायला एक खुंटी पुरते.

सोबत त्यांच्यासाठी बंद पाकीट पाठवतेय. तू उघडू नकोस. त्यातली भाषा मुलांच्या वाचण्यासारखी नाही.

अगं, आमच्या शाळेत ये आणि बघ. नववीतल्या एका मुलीला फार कमी दिसतं, जाड भिंगाचा चष्मा आहे, तरी समोरचा माणूस तिला धुक्यातला वाटतो. मी तिला बाजूला बसवलं का? मुळीच नाही! माझी स्वतःची स्टीलची शिट्टी तिच्या गळ्यात घातली आणि तिला पंच केलं. प्रत्येक सामन्याला तीच पंच. आता सगळी शाळा तिला 'पंच' म्हणूनच हाक मारते. पाहुणे आले की मुख्याध्यापिका त्यांना मुद्दाम मैदानावर आणून पंच दाखवतात. सामावून घेणं म्हणतात ते याला.

पाकीट हातात द्यायचं, टेबलावर ठेवून पळायचं नाही. सरांचा चेहरा कसा झाला ते कळव.

तुझी,
आत्या


२८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पाकीट घेऊन ते भांडारघराच्या मागे गेले. परत आले तेव्हा त्यांनी शिट्टी उलटी धरून फुंकली. मग सगळ्यांना उभं करून म्हणाले, "आजपासून आपली ही मैत्रीणसुद्धा खेळणार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नुसती मैदानात आले होते गं, अजून काही केलंसुद्धा नव्हतं.

खेळ साधा आहे. आमची 'अ' तुकडी गोलाच्या आत आणि 'ब' तुकडी गोलाबाहेर. बाहेरच्यांनी चेंडू मारायचा, आतल्यांनी चुकवायचा. मानेखाली लागला की आउट. सरांची शेवटची शिट्टी होईपर्यंत आत एक जण जरी उरला तरी आतली तुकडी जिंकली.

तर आत्या, मी जिंकते. रोज जिंकते. एकदाही हरलेली नाही. कारण मला कुणी चेंडू मारतच नाही! 'ब'मध्ये एक मुलगी आहे, तिला सगळे तोफ म्हणतात. तिचा चेंडू लागला की मुलं रडत घरी जातात. तीसुद्धा माझी पाळी आली की चेंडू जमिनीवरून हळूच घरंगळत सोडते, रांगत्या बाळाकडे सोडतात तसा. वर सर तिला "शाब्बास" म्हणतात. 'अ'मधल्या चतुर मंडळींच्या हे लगेच लक्षात आलं. आता खेळ सुरू झाला की पाच-सहा जण माझ्या खुर्चीमागे येऊन बसतात. काल एकाने तिथे बसून डबाही खाल्ला.

मग शिट्टी वाजते, सर "विजयी!" म्हणून ओरडतात आणि माझा हात वर करतात. हात मला स्वतःला वर करता येतो.

आता मला एक विचारायचंय, रागावू नकोस. तुझ्या त्या पंचाला कमी दिसतं ना? मग कोण आउट ते तिला कळतं कसं? आणि पंच व्हायचंय का, असं तिला कुणी विचारलं होतं?

तुझी,
भिंगरी


३ सप्टेंबर

माझ्या विजयी भिंगरे,

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! रोज जिंकतेस! एकदाही हरली नाहीस! तुझं पत्र मी चाचणी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर असताना वाचलं, कॉपी करणाऱ्यांवर एक डोळा ठेवून. दुसऱ्या डोळ्यात पाणी आलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापिकांनी उद्याच्या प्रार्थनेनंतर ते सांगायचं ठरवलंय. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. माणूस सुधारला म्हणायचा.

पंचाचं काय विचारतेस! ती कायम हसत असते. नाखूश माणूस कधी एवढं हसतो का?

बाबाला फोन करून ही बातमी देणार होते, पण वहिनी फोन उचलेल आणि खेळताना स्वेटर घातला होता का, असं विचारेल. म्हणून राहू दिलं.

अशीच जिंकत राहा.

आत्या


८ सप्टेंबर

आत्या,

माझं पत्र पुन्हा वाच. या वेळी दोन्ही डोळ्यांनी.

मला जिंकायचं नाहीये. मला आउट व्हायचंय. एकदा तरी. सगळ्यांसारखं धप्पकन, चेंडू लागून, "अरे यार" म्हणत. मी खेळतच नाहीये गं! मी भिंत आहे. आधी बाटल्या राखत होते, आता माणसं राखते.

आणि ऐक पुढचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचा खेळांचा दिवस असतो, त्यात 'अ' विरुद्ध 'ब' असा मोठा सामना होतो, सगळे आईबाप बघायला येतात. काल तोफ सरांकडे गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, हिला आउट करायचं नाही तर हिला घेता कशाला? आम्ही कायम हरायचं का?" सगळे तिच्यावर तुटून पडले. दुष्ट म्हणाले, वाट्टेल ते म्हणाले. तिचे डोळे भरले पण ती मागे हटली नाही. आत्या, तिच्याशी माझं अजिबात पटत नाही, पण अख्ख्या मैदानात खरं बोलणारी तेवढीच एक आहे. मी तसं म्हणाले तर सर म्हणाले, "किती मोठं मन आहे बघा हिचं!"

शेवटी सरांनी तोडगा काढलाय. मोठ्या सामन्यात मी नाही. मी सुरुवातीला फुगे सोडायचे आणि मग पाहुण्यांशेजारी बसायचं. आई खूश आहे. तिनेच म्हणे वर्गशिक्षिकांना पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की हिला चेंडू लागता कामा नये. हे मला आज कळलं.

फुगे सोडणार नाही मी. फोडीन.

भिंगरी


२० सप्टेंबर

भिंगरे,

हे पत्र मी मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून लिहितेय. डावा पाय प्लॅस्टरमध्ये आहे आणि माझ्यापुढे चाळीसेक पाण्याच्या बाटल्या आहेत. हस, पोटभर हस. पण आधी कसं झालं ते वाच.

तुझं पत्र चष्मा लावून वाचलं. लाज वाटली. मग रागही आला, कारण तू खरं बोलली होतीस. तशीच उठून पंचाकडे गेले आणि विचारलं, "काय गं, तुला हे पंचाचं काम आवडतं ना?" ती म्हणाली, "बाई, गाल दुखतात. रोज फुंकून फुंकून." मी विचारलं, "मग हसतेस कशाला?" तर म्हणते, "मला काही दिसत नाही ना बाई, म्हणून जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याला मी आउट देते. फार मजा येते." इतके महिने आमच्या शाळेचे सामने असे चाललेत, भिंगरे! आणि आम्ही पाहुण्यांना दाखवतोय!

मी म्हटलं, बरं, मग तुला काय हवंय? ती म्हणाली, "पळायचंय." दोघींनी एक रुमाल दोन टोकांना धरायचा आणि दिसणाऱ्याने वाट दाखवत पळायचं, असं करतात, हे मला माहीत होतं. लगेच रुमाल काढला. ठरलं असं होतं की मी पुढे आणि ती मागे. पण पोरगी सुटली ती अशी सुटली की रुमाल तिच्या हातात आणि मी रुमालाच्या मागे. वळणावर मी "उजवीकडे!" म्हणून ओरडले, ती वळली, माझा घोटा वळला नाही.

आता मुख्याध्यापिका गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि विचारतात, "बाई, बऱ्या आहात ना?" एवढ्या मोठ्यांदा की वर्गातली मुलं बाहेर बघतात. कुणी मला खडूसुद्धा उचलू देत नाही. चार दिवसांत जीव नकोसा झालाय. तू हे कसं सोसतेस गं?

तुझ्या सरांना मी आता पत्र लिहिणार नाही. मी लिहिलं की काहीतरी भलतंच होतं. तूच जा. पण नुसती तक्रार घेऊन जाऊ नकोस, नियम घेऊन जा. तुझी खुर्ची कुठे अडते, कशी वळते, तिच्या कुठल्या भागाला चेंडू लागला तर आउट धरायचं, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? आणि तोफेला बरोबर ने. जिला तुला हरवायचंय, तिच्यासोबतच नियम ठरव. ती तुला एकही सवलत उगाच घेऊ देणार नाही.

गळक्या बाटल्या इथेही दोनच आहेत.

आत्या


११ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपण मला ओळखता. आपलं ऑगस्टमधलं पत्र अजून माझ्या खिशात असतं. त्यातलं 'आपण शिक्षक आहात की खुंटी' हे वाक्य मी अजून बायकोला दाखवलेलं नाही.

आपली भाची आणि तोफ नावाने ओळखली जाणारी विद्यार्थिनी, दोघी मिळून माझ्याकडे आल्या. येताना भांडत होत्या, जातानाही भांडत होत्या. त्यांनी ठरवलेले नियम असे आहेत. सामना रेतीत न घेता कडेच्या कठीण जमिनीवर घ्यायचा, कारण रेतीत चाकं रुततात. चाक म्हणजे तिचा पाय, त्यामुळे चाकाला लागला तरी आउट. तिच्या खुर्चीमागे लपणारा किंवा खुर्चीला हात लावणारा तिथल्या तिथे आउट. तिच्यासाठी वेगळा स्पंजचा चेंडू आणू का, असं मी विचारलं, तर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

नियम मला पटले. मी सराव सुरू केला. आणि बाई, आता जे लिहितोय ते तिने आपल्याला कळवलं नसणार. गेल्या मंगळवारी चेंडू चुकवताना ती इतक्या जोरात वळली की खुर्ची कलंडली. ओठ फुटला. मी धावत गेलो तर जमिनीवर पडल्या पडल्या तिने विचारलं, "सर, आधी सांगा, लागला का?" मी म्हटलं, नाही लागला. ती म्हणाली, "अरेरे!"

घरी तिने नळावर आपटले असं सांगितलं. तिच्या आईने मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडूनही 'नळ' असंच निघून गेलं. मी वीस वर्षं मुलांना खेळवतोय, पण या मुलीकडे पाहिलं की मला फक्त ती पडलेली दिसते. तिला सामन्यात घेऊ की नको? पुन्हा पडली तर मी काय करू? कृपया सांगा.

आपला,
खेळाचा शिक्षक


१४ ऑक्टोबर

सर,

पडली तर उचला. बाकीच्यांना उचलता तसं.

कमरेला पट्टा लावा आणि खुर्चीच्या मागे ती उलटू नये म्हणून असतात ती छोटी चाकं बसवून घ्या. एवढी भीती रास्त आहे. उरलेली तुमची आहे, ती तिच्या डोक्यावर घालू नका. माझीही मी घालत होते, फक्त टाळ्या वाजवत घालत होते, एवढाच फरक.

आणि तिच्या आईला आजच्या आज खरं सांगा. मी सांगितलं तर नणंदेचं बोलणं म्हणून जाईल. तुम्ही सांगा. घाम येईल, येऊ द्या.

खुंटीबद्दल माफ करा.

भिंगरीची आत्या


२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सर घरी आले होते! इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या अगदी काठावर बसले, तीन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "नळ नव्हता." मग सगळं सांगितलं. मी आतून ऐकत होते. बाहेर इतकी शांतता झाली की मला वाटलं, आईने त्यांना फुंकून उडवलं असावं. शेवटी आई म्हणाली, "दार उघडं ठेवून मी रोज वाट बघते हो, ही धड येतेय ना म्हणून." सर म्हणाले, "मीही बघतो." मग आईने विचारलं, "पट्टा कसला लावणार?" सरांनी बाजारातला दाखवला. आईने तो ओढून बघितला, नाक मुरडलं आणि रात्रीपर्यंत मशीनवर बसून बाबाच्या प्रवासी बॅगेचा पट्टा कापून, दुहेरी शिवण घालून नवा केला. बाबा अजून बॅग शोधतोय.

काल मोठा सामना झाला. फुगे मुख्याध्यापकांनी सोडले.

सगळे आईबाप कडेला. माझी आई पहिल्या रांगेत, पर्स पोटाशी घट्ट धरून. आम्ही 'अ'वाले आत. माझ्या मागे कुणी लपलं नाही, कुणाची हिंमतच नव्हती. शिट्टी झाली. तोफेने चेंडू घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. आत्या, मी किती छान चुकवणार होते तुला सांगू! सराव केला होता, उजवीकडे अर्धी गिरकी घ्यायची आणि मागे सरकायचं. मी उजवीकडे वळले. तिला ते माहीत होतं. सराव तिच्यासोबतच केला होता ना! धाडकन दंडावर बसला चेंडू. अजून लाल आहे.

सगळं मैदान गप्प. एक माणूससुद्धा ओरडला नाही. तोफ पांढरीफटक पडली. सरांनी शिट्टी तोंडाला लावली पण ती वाजेना. मी आईकडे बघितलं. ती उभी राहिली होती, पर्स खाली पडली होती. आणि मग त्या सगळ्या शांततेत आईचा आवाज आला, पार कुंपणापर्यंत:

"अगं डावीकडे वळायचं ना! डावी बाजू मोकळी होती की सगळी!"

मग सरांची शिट्टी वाजली. "आउट!"

मी सगळ्यात पहिली आउट, आत्या. सगळ्यात पहिली! "अरे यार" म्हणायचं राहूनच गेलं, कारण मला हसू आवरेना. गोलाबाहेर आले. आउट झालेल्यांनी कुठे बसायचं माहीत आहे? पायऱ्यांजवळच्या सावलीत. तीच जागा, त्याच बाटल्या. थोड्या वेळाने आमचा कप्तान आउट होऊन आला आणि माझ्या शेजारी धप्पकन बसला. मग एकेक करत सगळे आले. शेवटी आमची अख्खी तुकडी तिथे बसली होती आणि आम्ही हरलो होतो. सामन्यानंतर बाजू बदलून नुसताच एक डाव खेळलो, तेव्हा बाहेरून फेकलेला माझा एक चेंडू तोफेच्या अगदी खांद्याजवळून गेला. नुसता जवळून गेला.

कप्तान माझ्याशी बोलत नाहीये. म्हणतो, "पहिल्याच चेंडूला कोण आउट होतं?" बाकीचेही धुसफुसतायत. मी डबा पुढे केला तर एकानेही घेतला नाही. आत्या, ते माझ्यावर रागावलेत! खरंखुरं रागावलेत, माझ्या खेळावर! मी काल इतकी खूश होते की मला झोप येईना.

पण आज जरा वाईट वाटायला लागलंय. हरलो ना आम्ही. आता मला जिंकायचंय, आणि तोफेला आउट करायचंय. डावीकडची गिरकी मला जमत नाही, माझा डावा हात कच्चा आहे. तो कसा पक्का करायचा ते लगेच लिही. पंचाचं पळणं कसं चाललंय आणि तुझं प्लॅस्टर निघालं का, तेही लिही.

तुझी,
भिंगरी

ता.क. आई मागे उभी राहून वाचतेय. ती म्हणतेय, आत्याला लिही की कपाटाच्या कोपऱ्यांची कापडं काढली, आता घरात डावीकडे वळायला भरपूर जागा आहे, आणि तरी हिला काल डावीकडे वळायला काय झालं होतं ते तूच विचार.